घट

मे महिन्यात भुसावळ सेहेचाळीसवर गेलं
की मी आधी कूलर त्यांच्याकडे वळवतो.
बायको धुळ्याची. दोन दिवस बघते, तिसऱ्या दिवशी म्हणते,
"हाई घर शे का दुकान?"

एकशे सदतीस आहेत.
पत्र्याचे एकोणचाळीस, बाकी प्लास्टिकचे.
प्लास्टिकचे उन्हाळ्यात पिवळे पडतात, गुडघ्यांत ढिले होतात,
लोको शेडमधल्या आमच्या जुन्या फिटरांसारखे.
एप्रिल लागायच्या आत बॅटऱ्या काढून ठेवायच्या,
नाहीतर पोटात पाझरतात.
हे कोणी सांगितलं नव्हतं. तीन रोबो गमावून कळलं.

केळीच्या फण्यांमध्ये घालतात तो जाळीचा पांढरा फोम
मी रावेरहून आणतो.
जपानहून निघालेला,
कुठल्या तरी बंदरात गंज खाल्लेला चावीचा शिपाई
माझ्या कपाटात आठ दिवसांत
कच्च्या केळीचा वास मारायला लागतो.

सगळं तारांगमुळे.
रविवारी सकाळी साडेनऊ, फालकांकडे टीव्ही,
चपला बाहेर, आम्ही सतरा पोरं आत.
तारांगच्या छातीत खिडकी, खिडकीत फिरता दिवा.
डावा हात खांद्यातून उपटून फेकायचा,
शत्रूला हाणून हात आपोआप परत.
वर्षभर आम्ही डाव्या हातात
पावडरचा डबा घालून हिंडलो.
मी तर डाव्या हाताने लिहायलाही लागलो,
त्याचा मार वेगळा.

बावन्नाव्या भागात त्याने हात फेकला
आणि लाइट गेली.
अख्ख्या जिल्ह्याची.
आली तेव्हा पडद्यावर एक साहेब
बोंडअळीवर बोलत होते.
पुढच्या रविवारी त्या वेळेला दुसरंच काही.
हात परत आला का,
हे मी बत्तीस वर्षं ज्याला त्याला विचारलं.
एका तिकीट तपासनिसालाही विचारलं. त्याने तिकीट मागितलं.

मग दोंडाईच्याहून फोन :
माझ्याकडे एक तारांग आहे, मोडका आहे, बघता का.
सुरत पॅसेंजरने गेलो. मिरचीची वखार.
पोत्यांच्या मधून अंबालाल आला, केस पांढरे, तीन पोरींचा बाप.
मी म्हणालो, "तारांग?"
त्याने तिथल्या तिथे डावा खांदा झटकला,
अगदी तसाच, आधी थोडा मागे घेऊन.
दोघांच्या डोळ्यांत पाणी.
मिरची होती.

शिंका आवरल्यावर विचारलं,
शेवटी काय झालं हो?
तो म्हणाला, "मी तुम्हालाच विचारणार होतो."
तिकडेही लाइट गेली होती.
पोरींना मात्र त्याने गोष्ट पुरी करून सांगितली होती,
तिघींना तीन तऱ्हेने,
ज्या रात्री जसं सुचलं तसं.
धाकटीला ते पटलं नाही.
तिचं म्हणणं, हात परत आला,
पण तोवर तारांग तिथून गेला होता.

त्याने पैसे घेतले नाहीत.
जुन्या वर्तमानपत्रात बांधून दिला,
दिवा बंद, चावी सैल, डावा हात नाही.

जळगावात विसपुते माझे मित्र, सोन्याचं काम करतात,
माझ्या रोबोंच्या चाव्या तेच झाळतात.
त्यांनी सवयीने आधी काट्यावर ठेवला.
दोनशे चौदा ग्रॅम.
"घट किती धरू भो?
हात चांदीत करून देऊ का?"

नको म्हणालो.
चावी बघा. खांद्याचं भोक तेवढं साफ करा.

त्यांनी चिमट्याने आतून
एक मिरचीचं बी काढलं,
ताटलीत टाकलं.
काट्यावरचा शेवटचा आकडा हलला.
चष्मा कपाळावर सरकवून
विसपुते माझ्याकडे बघत राहिले,
"हे कोणाच्या हिशेबात लावू?"